नव्वदाव्या ओळीची दिलगिरी

त्या दुष्काळात चिकलठाण्याला इमारती अशा उगवत होत्या, की सकाळी मोकळ्या प्लॉटवर लावलेली स्कूटर संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून उतरवावी लागे. पाणी तेवढं खाली चाललं होतं. इतकं खाली, की बोअर मारताना पाताळातून शिव्या ऐकू येत, असं मी सांगतो आणि लोक ऐकून घेतात.

तिथल्या एका लहानशा कार्यालयात मी टँकरच्या चिठ्ठ्या काढणारा, पायथन या संगणकभाषेतला प्रोग्राम सांभाळायचो. कुठल्या वस्तीला कुठल्या विहिरीचं पाणी, हे तो रोज सकाळी ठरवून चिठ्ठी छापायचा. छापील चिठ्ठीशिवाय विहिरीवरचा माणूस सख्ख्या भावाचाही टँकर भरत नसे.

प्रोग्राम आमच्या सरांनी लिहिलेला. सर पिढीजात कारकुनी घरातले. चूक कुणाची ते चारचौघांत बोलायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. तोच त्यांनी प्रोग्रामला लावला. आत कुठंही बिघडलं, की तो ती चूक पोटात घालायचा आणि पडद्यावर एवढंच यायचं: ‘दिलगीर आहोत. अडचण आली. ओळ नव्वद.’ नव्वदाव्या ओळीवर होतं काय, तर हेच दिलगिरीचं वाक्य. त्या ओळीकडं मी इतका बघत बसलो, की तिची दृष्ट काढावी लागली असती.

चितेगावच्या पुढल्या एका धनगरवस्तीची चिठ्ठी निघत नव्हती. वस्तीवरचे एक म्हातारबाबा रोज फोन करायचे. त्या सकाळी त्यांचा आवाज बसला होता.

“साहेब, टँकर येतंय का नाय, तेवढं खरं सांगा. मेंढरं चाऱ्याला तोंड लावंनात. दुपारपतुर नाय आलं तर आम्ही वस्ती सोडतो.”

मी सरांना म्हणालो, ही दिलगिरी काढून टाकू.

“म्हणजे पडद्यावर लाल अक्षरं? आपल्याच माणसानं लिहिलेल्या फायलीच्या नावासकट? बरं दिसत नाही रे ते.”

“चिठ्ठीही दिसत नाही, सर.”

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी चुका गिळणारा भाग उडवला, प्रत्येक चुकीच्या संदेशाला वस्तीचं नाव जोडलं आणि प्रोग्राम चालवला. सगळी वाट पायरीपायरीनं उलगडली. चिठ्ठी छापणाऱ्या भागानं अंतर काढणाऱ्या भागाला बोलावलं, त्यानं विहीर शोधली, आणि विहीर सापडलीच नाही. प्रत्येक पायरीशी फाईल आणि ओळ, तळाला धनगरवस्तीचं नाव. त्या वस्तीची विहीर नव्या कॉलनीनं बुजवून वर गाड्या लावल्या होत्या. आम्ही विहिरींच्या यादीतून ती काढली होती. वस्तीच्या नावापुढं मात्र तशीच राहिली होती.

सर आले, ती लाल अक्षरं सावकाश वाचली आणि वस्तीच्या नावापुढं दुसरी विहीर स्वतःच्या हातानं लिहिली. चिठ्ठी निघाली.

दुपार कलताना ड्रायव्हरचा फोन आला. वस्तीवर कुणी नाही, दारांना काट्या लावल्यात, कळप घेऊन कन्नडकडं निघालेत म्हणतात. आता पाणी कुठं सोडू?

सरांनी माझ्या हातून फोन घेतला. “वस्ती असेल तिथं जा,” ते म्हणाले.

ड्रायव्हरनं पैठण रस्त्यावरच कळप गाठला. मेंढरं टँकरखालचा ओला मुरूमसुद्धा चाटत होती, म्हणाला. मग म्हातारबाबा फोनवर आले. कुठं अडलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. सरांनी विहीर, फाईल, ओळ, सगळं सांगितलं, आणि चूक आमची होती हेही.

“व्हय,” बाबा म्हणाले. “कळलं. जित्राबानं पाणी पिलं. पर आता मागं नाय फिरत आम्ही.”