माईक चालू राहिला

मंडळी, आज सकाळी माझी फजिती झाली. सांगून टाकते, म्हणजे मोकळं वाटेल.

मी केशवापूरच्या घरी बसून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. माझा प्रोग्रॅम वेबसाइट उघडतो, फॉर्म भरतो, बटणं दाबतो आणि मी बघत बसते. कुठे अडलं तर पुण्याच्या टीमला व्हिडिओ पाठवायचा असतो. आज तो रेकॉर्ड करताना माईक बंद करायला विसरले.

तासाभराने टीममधल्या स्नेहाचा फोन आला. "टेस्ट कुठे अडते ते कळलं गं. पण घरी कोण आलंय? कुणाला तरी 'निधान, निधान, एवढी घाई कशाला' म्हणत होतीस. मग चहा टाकू का, असंही विचारलंस."

घरात कुणीच नव्हतं. मी प्रोग्रॅमशी बोलत होते; 'निधान' म्हणजे आमच्या इकडचं कानडी वळणाचं 'हळू'.

"अक्का आलीय," मी म्हणाले. माझी थोरली बहीण लग्न होऊन बेळगावला गेली, त्याला किती वर्षं झाली.

"मग दे की फोन तिला."

"आंघोळीला गेलीय."

फोन ठेवल्यावर तो व्हिडिओ मीच लावून ऐकला. चहाचं विचारून मी थोडी थांबले होते. कुणीतरी हो म्हणेल, तेवढी.

दुपारी पुन्हा रेकॉर्डिंग केलं. माईक बंद होता, तरी तोंडातून शब्द निघाला नाही.

तुम्ही आज पहिलं वाक्य कुणाशी बोललात? माझं त्या व्हिडिओत आहे.