काळुरामच्या डोक्यावर कावळा बसला

गडब गावात हायवेवर माझं पंक्चरचं दुकान, आणि त्याला खेटून काळुरामचं. बांबू, मडकी, पांढरं कापड, सगळं मयताचं सामान त्याच्याकडे. तिरडी बांधायलाही हाच. आणि तोंड काय विचारता! रडणाऱ्यालासुद्धा सोडायचा नाय. "नीट धर रे, बाप जाड होता तुझा!" असल्या माणसाला मरणाची भीती कसली, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

तर एका सकाळी हा अंगणात दाढी करत बसलेला. कावळा आला आणि थेट याच्या टकलावर बसला. बसला तो बसला, वर चोच मारून गेला. झालं! आमचा वाघ लटलटा कापायला लागला. डोक्यावर कावळा बसला की माणूस जातो म्हणतात. त्यावर उतारा एकच. त्याच्या मरणाची खोटी बातमी रक्ताच्या माणसाला कळवायची. ते माणूस रडलं की मरण टळतं.

रक्ताचं माणूस एकच उरलेलं, वरशा गावाला दिलेली बहीण अनसूयाताई. आणि ती याचं तोंड बघत नव्हती. यांची आई गेली तेव्हा ताई वरशाहून निघालेली, पण वाटेत गाड्या तुंबलेल्या. सूर्य मावळायच्या आत उरकायला हवं म्हणून याने अग्नी देऊन टाकला. ताईला आईचं शेवटचं तोंड दिसलं नाय. "गावातल्या प्रत्येक मयताला थांबतोस, माझ्यासाठी तेवढा थांबला नायस," म्हणाली आणि गेली ती गेलीच.

"ती कसली रडतेय? पेढे वाटेल," काळुराम म्हणाला. पण नजर माझ्या फोनवरून हलत नव्हती त्याची.

त्याची बायको माझ्याकडे वळली. "अहमदभाई, तुमचा शब्द ती खरा मानते."

मी भडकलो. "जित्या माणसाला मी मारू व्हय, वहिनी? तेपण शुक्रवारी?"

"मारा कुठं म्हणते? नुसतं मेला म्हणा."

लावला फोन. "ताई, काळुराम गेला." काळुराम माझ्या पुढ्यात उकिडवा बसून खुणेने विचारतोय, रडली काय? मी मान हलवली, नाय. मग ताई कोरड्या आवाजात बोलली, "अहमदभाई, मी निघते. मी येईपर्यंत उचलू देऊ नका त्याला." आणि फोन ठेवला. परत लावला तर बंद.

तिचे शब्द जसेच्या तसे मी काळुरामला सांगितले. तो बसल्या जागी हुंदके द्यायला लागला.

"तू काय रडतोस? रडायचं तिने होतं!" मी ओरडलो.

"यांचं रडलेलं चालत नाय," वहिनी म्हणाल्या.

तोवर कुणीतरी गावाच्या ग्रुपवर श्रद्धांजली टाकून मोकळा. अंगणात माणसं जमली, काळुराम घरात लपला. आता याला बाहेर काढायचा कसा? शेजारचा निकेश बिचारा तिरडीसाठी दुकानातून बांबू काढायला लागला, तर आतून खिडकीतून आवाज आला, "पुढचे किडकेत, मागचे घे!" निकेश तिथंच आडवा व्हायचा तेवढा राहिला.

इतक्यात रिक्षा थांबली. ताई उतरली. हातात हार, डोळे कोरडे ठणठणीत. "कुठं ठेवलाय?" सगळे दाराकडे बघायला लागले. तेव्हा काळुराम दाराआडून बाहेर आला, शाळेतून पळून आलेल्या पोरासारखा.

"अनू, मी हाय गो."

ताई बघतच राहिली. मग हार त्याच्या अंगावर फेकला आणि कावळा बसला होता नेमक्या तिथंच फाडकन एक ठेवून दिली. "मुडद्या! मेल्या! लाज नाय वाटत?" आणि त्याच्या गळ्यात पडून असा गळा काढला की हायवेवरचा ट्रकवाला खाली उतरून बघायला आला.

"रडली! टळलं गो बाय!" वहिनींनी हात जोडले.

मी माफी मागायला पुढे झालो. माझ्याकडे कोण बघतंय! ताईने पदराने आधी त्याचं नाक पुसलं, मग स्वतःचे डोळे.

"या खेपेला थांबलास ना रे," ती म्हणाली.

एवढा तोंडाळ माणूस, पण "थांबलो गो," एवढंच म्हणाला.