माशांची पाटी आणि एकच लिफ्ट

मंडळी, आमच्या ऐरोलीच्या टॉवरमध्ये दोन लिफ्ट आहेत. एक आम्हा रहिवाशांची, दुसरी कामवाल्या, डिलिव्हरीवाले आणि कचरा यांच्यासाठी. आज सकाळी आमची बंद पडली, म्हणून सगळे दुसरीसमोर रांगेत उभे.

रांगेत पहिली होती मासळीवाली मावशी, इथल्याच कोळीवाड्यातली. लिफ्ट आली तशी ती आपली पाटी उचलून बाजूला झाली.

"तुमी जावा आधी. माज्या पाटीला वास हाय."

अहो, लिफ्ट तिची, नंबर तिचा! मी दार धरून ठेवलं. "मावशी, तुम्ही आत आल्याशिवाय ही हलणार नाही."

ती आली आणि कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली. शेजारच्या काकांनी लगेच नाकाला रुमाल लावला. बाकीच्यांनी मजल्यांच्या आकड्यांकडे नजर वळवली. मीसुद्धा.

नवव्या मजल्यावर काका उतरले. मागोमाग मावशीही उतरली.

"काका, पापलेट तुमचंच हाय," ती म्हणाली. "वैनींनी फोन केलेला. साफ करून देऊ ना?"

काकांनी रुमाल गुपचूप खिशात घातला.

उद्या आमची लिफ्ट दुरुस्त होईल. मग काका एका लिफ्टने वर जातील आणि त्यांचं पापलेट दुसरीने.

तुमच्या सोसायटीत लिफ्ट किती आहेत हो?