सिडीचा पिक्चर

लोक भेटायला येतात, पाणी पितात आणि विचारतात, वहिनी शेवटी काय बोलल्या हो? देवाचं नाव घेतलं का? नाही घेतलं. आमची कमल जळगावच्या दवाखान्यात शेवटचं बोलली ती एका जुन्या इंग्रजी पिक्चरबद्दल. "निघताना सिडी वापसीत टाकून आले ना तुमी? पाह्यलं मी. घरी आल्यावर सांगते तुमाले." डोळे मिटलेले होते, पण हसत होती. आज दीड महिना झाला... घरी काही आली नाही.

हे नीट सांगितलं नाही तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाल. मी मूळचा धुळ्याकडचा, सातवी नापास. चोपड्याला एका टॉकीजमध्ये मशीनवर ऑपरेटर होतो. रविवारी सकाळी आमचे शेठ भुसावळहून आलेले काळेपांढरे इंग्रजी पिक्चर लावायचे. भाषा कुणालाच कळत नव्हती, मलाही नाही. त्यातले पाच हसायचे पिक्चर एकाच साहेबानं काढलेले होते. त्याचं नाव मला वाचता यायचं नाही, पण पहिलं अक्षर छत्रीच्या मुठीसारखं होतं, म्हणून मी त्याला छत्रीवाला म्हणायचो. पब्लिक पोट धरून हसायचं आणि बाहेर पडल्यावर हा कुणी काढला म्हणून एक माणूस विचारायचा नाही. नात पुण्याला सिनेमाचंच शिकते. ती म्हणते, मोठमोठ्या लोकांच्या याद्यांतसुद्धा तो कुठेतरी तळाला असतो. त्या लोकांना आमच्या कमलपुढे बसवायला पाहिजे होतं.

कमल यावलची, केळीवाल्यांच्या घरची. लग्नानंतर रविवारी बायकांच्या बाकावर बसून तिनं छत्रीवाल्याचे पिक्चर कितीदा पाहिले असतील कोण जाणे. पहिला नंबर, दुसरा नंबर हे तिला जमायचं नाही. ती पिक्चरचा भाव केळीसारखा काढायची. नव्या लागवडीचा पहिला माल तो नवती, त्याच खोडाच्या पिलांवर आलेला तो पिलबाग, आणि व्यापारी नाक मुरडून बाजूला काढतो ती वापसी. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तिनं खडूनं तीन रकाने पाडले होते. बेकरीचा पिक्चर नवती, त्यावर आमचं भांडण नव्हतं. जुळ्या भावांचा पिलबाग. वकिलाचाही पिलबाग, कारण "शेवटी सगळे भाषणच ठोकतात." सासूचा वापसी, "इतकी येडी सासू कुठी असते का?" राहिला शिडीचा. तो ती नवतीत लिहायची. ती आंघोळीला गेली की मी पुसून वापसीत टाकायचो. दुपारपर्यंत तो परत नवतीत, आणि तोही 'सिडी' असा. "अगं, शहाण्यातला श काढ," मी म्हणायचो. "तुमाले तरी कुठी सापडला तो?" ती म्हणायची. चाळीस वर्षं हेच.

मी त्याला वापसीत का टाकायचो, ते तिला मागच्या दिवाळीपर्यंत सांगितलं नव्हतं. आमचं लग्न ठरायचं होतं तेव्हाची गोष्ट. शेठ वर येऊन म्हणाले, यावलचे पाहुणे आलेत, मुलगी बायकांच्या बाकावर बसलीय, हिरवं पातळ. मशीनच्या खोलीच्या भोकातून मी हिरवं पातळ शोधत राहिलो आणि दुसऱ्या रिळाच्या जागी तिसरं चढवलं. पिक्चरमधला पेंटर शिडी खांद्यावर घेऊन रस्त्यानं जातो, ती एका मुलीला लागते, ओळख होते, आणि पुढच्या रिळात लग्न. माझ्या हातून लग्न आधी झालं. मग तोच नवरा रस्त्यात तिला शिडी मारतो आणि टोपी काढून विचारतो, बाई, आपण कोण? पब्लिक बाकावरून पडायचं बाकी होतं. शेठनी मला झाप झाप झापलं. पण खाली कमल तिच्या आबांना म्हणाली, पिक्चर बरा आहे, मुलगाही चालेल.

पुढे तो पिक्चर सरळ लावायची वेळ यायची, त्या रविवारी मी तिला काही ना काही सांगून घरी ठेवायचो. तिला वाटायचं, छत्रीवाल्यानं तो तसाच काढलाय. शेजारणींना सांगायची, "त्या सायबाले आपलं सगळं ठाऊक होतं बाई. लग्न आधी, वळख मंग."

मागच्या दिवाळीला नातीनं तो पिक्चर मोबाइलवर शोधून लावला. मी उठून जायला लागलो तर कमलनं सदरा धरून बसवलं. शिडी लागली, ओळख झाली, लग्न झालं. कमल म्हणाली, "हे कोनं उलटं लावलं?" नात म्हणाली, आजी, असाच आहे तो. मग माझ्या तोंडून घरची बोली निघाली. "मनी चूक शे ती," माझीच चूक आहे ती, म्हटलं, आणि हिरव्या पातळाचं सगळं सांगून टाकलं. माझ्या 'शे'ला ती नेहमी हसायची. तेव्हा हसली नाही. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोळी वाढता वाढता म्हणाली, "मंग त्या पिक्चरचे अर्धे डायरेक्टर तुमी. आन चूक छत्रीवाल्याची. तुमचाच बरोबर होता." दुपारी मी परत शिडी वापसीत टाकली... लाज वाटली की माणूस असंच काहीतरी करतो.

दवाखान्यात न्यायची रिक्षा दारात उभी होती तेव्हाही मी तेच केलं. ती चिडेल, चिडली की तिला तरतरी येते, एवढाच हिशेब होता.

परवा नातीचा फोन आला. तिला छत्रीवाल्यावर लिहायचंय, म्हणाली आप्पा, तुमची आणि आजीची यादी पाठवा, शेवटची, पक्की. मी कपाट उघडलं. शिडी वापसीत, माझ्या अक्षरात. दुपारपर्यंत तिथेच बसून राहिलो. दुपारी तो पिक्चर वर जायचा, ही चाळीस वर्षांची सवय... दुपार झाली, कुणी उठलं नाही. मग मीच उठलो. शर्टाच्या बाहीनं वापसीचा रकाना पुसला, खडू घेतला आणि नवतीत, बेकरीच्याही वर लिहिलं, सिडी.