साठ पॉइंटचे टँकरवाले दादा

मेडिकलवाल्या काकांचा आवाज मी पहिल्यांदा काढला तेव्हा मला डोंबिवलीत येऊन जेमतेम आठ दिवस झालेले. मावशीने खोकल्याचं औषध आणायला पाठवलेलं. काकांनी काउंटरमागे दोनदा घसा साफ केला, एक श्वास घेतला आणि बोलले, "चला... काय होतंय?" मी घरी येऊन दारातून तेच, तसंच विचारलं. मावशी किचनमधून बोलली, "काका, तुम्ही कशाला त्रास घेतलात, पोराला पाठवलेलं ना मी."

तिकडे तालुक्याच्या शाळेत मी मुख्याध्यापक करायचो, पीटीचे सर करायचो, एसटीचा कंडक्टर करायचो. गणितात पस्तीस आणि गॅदरिंगला वन्स मोअर, अशी आपली मार्कशीट. त्यामुळे कोपरच्या आमच्या सगळ्या बिल्डिंगा मिळून टेनिस बॉलची जी लीग खेळतात, तिच्या लिलावाला मधेमधे लोकांना हसवायचा माईक माझ्या हातात येणार हे ठरलेलंच होतं.

आमच्या टीमचे मालक म्हणजे हेच काका. आणि मॅनेजर माझी मावसबहीण, ताई. लीगमध्ये बाई मॅनेजर झालेली ही पहिलीच, आणि तीही एका वर्षाच्या बोलीवर. काकांनी साफ सांगितलेलं की टीम शेवटच्या चारात आली तर पुढेही तूच बघ, नाही आली तर आमचे जावई बघतील. हे जावई दर रविवारी सासुरवाडीला यायचे आणि आपण बारावीत असताना मारलेल्या एका सिक्सची गोष्ट सांगायचे. ती सिक्स दर रविवारी थोडी आणखी लांब जायची. ताई तोंडावर हसायची. पण मला माहीत होतं, तिला ही टीम किती हवी होती. लहानपणी तिला मैदानात फक्त लांब गेलेला बॉल आणून द्यायला घ्यायचे.

त्या वर्षी लीगमध्ये जे नवीन झालं ते ताईमुळेच. तिने कुठेतरी मोबाइलवर वाचलेलं की अमेरिकेत ते बेसबॉल खेळतात ना, तिकडच्या टीमना दुसऱ्या देशातली पोरं घ्यायला वेगळे पैसे ठरवून दिलेले असतात. ते त्याच कामाला वापरायचे. मग कोणी सगळे एकाच पोरावर ओततं, कोणी दहा जणांत वाटतं, कोणी स्वतःचा हिस्सा दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात तयार खेळाडू घेतं. ताईने हे कमिटीच्या मिटिंगमध्ये इतकं रंगवून सांगितलं की अध्यक्ष बोलले, "आपण पण करू, फक्त दुसरा देश म्हणजे कल्याण आणि ठाणे धरू." तर प्रत्येक टीमला बाहेरच्या खेळाडूंसाठी शंभर पॉइंट. कमीत कमी बोली दहा. उरले तर लिलावानंतरच्या सोमवारी रात्री आठपर्यंत न गेलेल्यांतून घ्यायचे, नाहीतर वाया.

बाकीचे मालक खूश झाले, कारण प्रत्येकाच्या डोक्यात कल्याणचा एकेक नावाजलेला सिक्सर किंग होता. ताईचं उलटं. ती बोलली, नावाजलेल्याची किंमत आधीच फुगलेली असते, आपण नाव नसलेले चार घ्यायचे. त्यासाठी चार रविवार ती मला घेऊन मैदानं फिरली. मी वडापाव खायचो, ती वहीत लिहायची. शेवटी चार पोरं ठरली. एकेकाला पंचवीस पॉइंट, हिशोब बरोबर शंभर.

लिलाव रविवारी मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये होता. खेळाडू बाहेर व्हरांड्यात, मालक आणि मॅनेजर आत. टेबलाशी लिलाव पुकारायला रिटायर झालेले सर बसलेले. हातोडा कोणालाच मिळाला नाही म्हणून सरांनी घरून लाटणं आणलेलं. एकदा लाटणं आपटलं की विषय संपला. सरांचा चष्मा कागदावर आणि कान हॉलमध्ये, अशी त्यांची पद्धत. मान वर करून बघायचेच नाहीत, आवाजावरून ओळखायचे कोणाची बोली ती.

निम्मा लिलाव झाला आणि लाइट गेली. पडदे लावलेले, त्यामुळे दुपारी चार वाजता हॉलमध्ये अंधार. माईक बंद. नेमकं तेव्हाच सरांनी मोबाइलच्या उजेडात पुढचं नाव वाचलं. ठाण्यातल्या बाळकुमचे, वय एक्केचाळीस, ऑलराउंडर. कोणी बोलेना. मागून एकजण बोलला की एक्केचाळीस वय आहे की रन. लोक हसले. सरांनी परत विचारलं, दहा, कोणी दहा? परत शांतता. मला ती शांतता सहन होत नाही, हा माझा आजार आहे. मी अंधारात दोनदा घसा साफ केला, एक श्वास घेतला आणि काकांच्या आवाजात बोललो, "चला... साठ."

हॉल हसला. मीपण हसलो. आणि लाटणं आपटलं.

लाइट आली तेव्हा सर कागदावर साठ लिहून मोकळे झालेले. मला वाटलं आता काका ओरडतील. पण काका हॉलमध्ये नव्हतेच. फोन आला म्हणून बाहेर गेलेले. ते आत आले, ताईच्या मागे येऊन बसले, समोरच्या फळ्यावर बघितलं आणि हळूच बोलले, "साठ जरा जास्त झाले गं."

ताई पहिल्या रांगेत बसलेली. तिला वाटलं, मागून काकांनीच बोली लावली आणि आता पस्तावतायत. ती बोलली, "जाऊ दे काका, झालं ते झालं."

काकांना वाटलं ताईनेच घेतला, आणि आता चूक कबूल करतेय. ते मोठ्या मनाने बोलले, "असू दे, होतं असं." दोघंही एकमेकांना माफ करून बसली. मी माईक धरून उभा.

पुढच्या तासाभरात ताईची चारही पोरं गेली. पहिला तीसला, दुसरा पस्तीसला, बाकीच्या दोघांनाही तसंच कोणी ना कोणी उचललं. दरवेळी ताई हात वर करायची आणि फळ्यावरचे उरलेले चाळीस बघून खाली घ्यायची. चाळीस एकावर ओतायचे तर टीमच होत नाही, आणि वाटायचे तर एकही येत नाही. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं. तेवढ्यात तिला कळलं असणार, कारण मी नेहमी असतो तसा हसत नव्हतो.

घरी चालत येताना मी सांगून टाकलं. ताईने भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेतली, पैसे दिले, मग बोलली, "सरांचा आवाज काढून 'बोली रद्द' पण बोलायचंस ना मग."

मी बोललो, सुचलं नाही.

"तेच तर. नको तिथे सुचतं."

पण नियम होता. बोली चुकीची निघाली तर सोमवारी रात्री आठपर्यंत कमिटीला लिहून द्यायचं, मग त्या नावापासून पुढचा लिलाव पुन्हा. म्हणजे ताईला तिचे साठ परत, चारही पोरं परत मैदानात. मला फक्त लिहून द्यायचं होतं की तो आवाज माझा होता. माईक कायमचा गेला असता, गेला तर गेला. मी रविवारीच पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्र ज्यात मी कोणाची नक्कल केली नाही.

सोमवारी संध्याकाळी सहाला मी पत्र घेऊन निघणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक उंच, काळासावळा माणूस. पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात स्टीलचा डबा. बाळकुमवरून आलेले तेच, साठला गेलेले दादा. पाण्याचा टँकर चालवतात, तो कोपऱ्यावर लावून आलेले.

मावशीने बसायला सांगितलं तरी ते ओल्या पँटमुळे सोफ्यावर बसेनात. स्टुलावर बसले. डबा ताईच्या हातात दिला आणि बोलले, "तांदलाच्या भाकऱ्या हायेत, न सुकी करंदी. आमचे मंडलीनी दिली." मग ओली पँट सारखी करत, "ताई, मना वाटलेलं दहाला पन कोन घेनार नाय. पोरगा बोललेला, पप्पा नाव देऊ नका, हसतील."

ताईने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खिशात ते पत्र जाम टोचत होतं.

मग ते नेहमीच्या आवाजात खेळाबद्दल बोलायला लागले. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जेवढी मातीची मैदानं आहेत, तिकडे मॅचच्या आधी पाणी मारायला यांचाच टँकर जातो. पाणी मारायचं, मग ती जागा सुकेपर्यंत तिथेच बसायचं. म्हणजे वर्षभर दादा फुकटात सगळ्यांच्या प्रॅक्टिस बघणार. ताईने सहज विचारलं की लिलावात न गेलेल्यांत कोणी ओळखीचं आहे का. दादांनी स्टूल पुढे ओढलं.

पुढचा अर्धा तास दादा सांगत होते आणि ताई लिहीत होती. एक डावखुरा पोरगा आहे, त्याचा बॉल ओल्या मातीवर थांबून येतो. एकजण कीपिंग करतो पण लाजतो म्हणून अपील करत नाही. एकाला सगळे स्लो म्हणतात, पण तो दुसरी रन आधी मोजूनच पळतो, रनआउट कधी होत नाही. चौथाही असाच, नाव नसलेला. ताईने विचारलं की तिने बघितलेली तिची ती चार पोरं कशी आहेत. दादा जरा अवघडले. मग बोलले, त्यातले दोन रविवारीच भारी खेळतात, लोक बघायला असतात तेव्हा.

सव्वासात झालेले. दादा उठले, टँकर रस्त्यात आहे बोलले. दरवाजापर्यंत गेले, वळले, ताईला बोलले, "मी रन कमी करीन. वय झालंय. पन तुमी घेतलंत, ते फुकट नाय जानार."

ते गेल्यावर मी पत्र काढून टेबलावर ठेवलं. बोललो, ताई, अजून वेळ आहे, धावत गेलो तर पोचेन.

ताईने डबा उघडला. भाकऱ्या अजून गरम होत्या. तिने पत्र चौपदरी केलं, डब्याखाली ठेवलं आणि बोलली, "कमिटीकडे जा. पण पत्र नको नेऊस. या चौघांची नावं दे, दहा-दहाला. चाळीस."

"आणि शेवटच्या चारात नाही आलो तर?"

"तर जावईबापूंची सिक्स तू काढून दाखव. आवाजासकट."

मी धावलो.

आता खोटं कशाला सांगू, दादांनी अख्ख्या लीगमध्ये अकरा रन केल्या. एक सोपा कॅच सोडला, तो अजून माझ्या डोळ्यासमोर सुटतोय. पण त्या डावखुऱ्याचा बॉल खरंच थांबून आला. लाजरा कीपर तिसऱ्या मॅचला इतक्या जोरात ओरडला की अंपायर दचकून आउट देऊन बसला. आणि प्रत्येक ओव्हरनंतर दादा मिड-ऑफवरून चालत येऊन पोरांच्या कानात काहीतरी बोलायचे. मी एकदा जवळ जाऊन ऐकलं. काही नाही, माती कुठे ओली आहे तेवढंच सांगायचे.

आम्ही शेवटच्या चारात आलो. तिकडे हरलो, तेही पाच बॉल राखून, आमचे नव्हेत, त्यांचे. काकांनी घसा दोनदा साफ केला आणि ताईला बोलले, "चला... पुढच्या वर्षी बाहेरचे लवकर बघायला सुरुवात कर." ताई हो बोलली आणि स्कोअरबोर्डच्या मागे जाऊन डोळे पुसून आली. आल्यावर मलाच ओरडली, पाण्याच्या बाटल्या कोण गोळा करणार म्हणून. जावई लिंबू सरबत पीत होते. सिक्सची गोष्ट त्या दिवशी नाही निघाली.

बक्षीस समारंभाच्या आधी पोरांनी मला गराडा घातला. मी सर केले, अध्यक्ष केले, हरल्यावर बॅटला दोष देणारा आमचा ओपनर केला. कोणीतरी बोललं, काकांचा काढ. मी पाणी प्यायला गेलो.

दादा टँकरच्या पायरीवर बसून बूट काढत होते. मला बाजूला बसवलं. थोडा वेळ गुडघा चोळला, मग समोर बघत बोलले, "साठ बोल ना एकदा. त्या आवाजात."

मी विचारलं, कधीपासून माहितीये.

"तवाच. लाइट गेली तवा काका व्हरांड्यात माझे बाजूला उभे होते. एका हातात फोन, एका हातात चाय. न आतून त्यांचाच आवाज येतोय, साठ." दादा हसायला लागले. "मी काकांकडे बघितला, काका चाय पितायत. बोललो, हा कोन हाय रे दुसरा काका."

मी विचारलं, मग घरी डबा घेऊन का आलात.

"सांगायलाच आलेलो. मस्करी झाली, काढून टाका मना, पॉइंट परत घ्या, असा." त्यांनी दुसरा बूट काढला. "मग ताईनी वही उघडली. इतक्या वर्षांत मना कोनी इचारलाच नव्हता, की तू बघतस काय तिकडे बसून."

मी दोनदा घसा साफ केला, एक श्वास घेतला आणि हळू आवाजात, फक्त त्यांना ऐकू जाईल इतपत बोललो, "चला... साठ."

दादांनी डोळे मिटून ऐकलं. मग माझ्या मांडीवर थाप मारली.

"बरोबर काढतस. पन आमचे घरी आलास तर नको काढू. बायको अजून अख्ख्या बाळकुमला सांगत फिरते, साठला गेले म्हणून."