वहीतल्या सासूबाई

माझ्या लेखनाचं पहिलं जाहीर वाचन आमच्या पलूसच्या घरात झालं, आणि तेव्हा मी तोंडात पदर कोंबून दाराआड उभी होते.

लग्नानंतर मला लेखिका व्हायचा झटका आला होता. सांगलीत एका रविवारी लेखनाची कार्यशाळा होती. तिथले सर म्हणाले, "अवघड शब्द सोडा. घरातली माणसं कशी बोलतात ते ऐका आणि लगेच टिपा." मी इतकी आज्ञाधारक, की दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन सासूबाईंच्या मागेच लागले! (भाजी दोनदा करपली. साहित्यासाठी एवढं चालायचंच.)

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेला, रेखाला, बघायला आष्ट्याची मंडळी आली. पाहुणे जाताच सासूबाईंनी स्वयंपाकघरात आपलं मत मांडलं. मी ते उतरवून घेतलं.

चार दिवसांनी मंडळी होकार घेऊन परत आली. चहा झाला. मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, सुनेचं भारी कौतुक. "आमची सून लिवती बरं का!" म्हणत त्यांनी माझी वही थेट मुलाच्या वडिलांच्या हातात दिली. मी आतून हातवारे केले. मामंजींना वाटलं, मी लाजतेय!

वडिलांनी चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "'सासूबाई म्हणाल्या, पोरगं ब्येस हाय. बाप बी गरीब गाय. पन त्या बाईचं तोंड! आल्यापास्नं जाईस्तवर नुसतं चालूच! त्या गरिबाला घरात बोलाय तरी मिळत आसंल का न्हाई, कुणाला ठावं...'"

'ती बाई' शेजारीच बसली होती. रेखाचा चेहरा पांढराफटक. सासूबाई नजरेनंच मला माहेरी पाठवत होत्या.

वडिलांनी वही मिटली, चष्मा काढला आणि पोट धरून हसायलाच लागले! "आवं, तीस वर्सं मी ह्येच सांगायचं म्हंतोय. पन ही बोलू दिल तवा न्हवं!"

बाईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं, मग सासूबाईंकडे. "व्हय, बोलते मी लय. पन तुमी बी काय कमी न्हाई!" आणि दोघी एकदमच हसल्या.

लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर मी सासूबाईंची माफी मागायला गेले. त्या म्हणाल्या, "पोराच्या बापाच्या मिशीवर बोलले व्हते, त्ये का गाळलंस?"

"सरांनी सांगितलंय, नको ते काढायचं."

"आगं, चांगलं तेवढंच काढलंस की!"

पुढं भाकरी थापता थापता त्या स्वतःच हाक मारायच्या, "वही आण गं, बोलाय लागलेय मी!"

आता सासूबाई नाहीत. जुन्या वह्या उघडल्या की स्वयंपाकघर पुन्हा बोलायला लागतं. त्यातली वाक्यं मी माझ्या लेखांत घालते. वाचकांचे मेसेज येतात, "सासूबाई बोलतात ते झकास हो! मधेमधे तुम्ही कशाला बोलता?"