गाडीतले दोन शिकाऊ

ड्रायव्हर भावांनो, आज डोकं लई फिरलंय.

एकोणीस वर्षं ट्रक चालवतोय मी. गेल्या महिन्यात एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत लागलो. तिथला नियम असा, की माणूस कितीही जुना असो, पहिले सहा महिने 'शिकाऊ'. पगारही शिकाऊचाच, म्हणजे निम्मा.

आज सकाळी नगरच्या यार्डात साहेबांनी एक नवीन माणूस आणून उभा केला. चाळिशीचा, आजवर फक्त ट्रॅक्टर चालवलेला.

"सलीमभाई, यांना घाटात गाडी उतरवायला शिकवा."

म्हटलं, "साहेब, मीच शिकाऊ हाय. मी काय शिकवनार?"

"अहो, ते फक्त कागदावर!"

"मग पगार कागद बघून का देता?"

साहेबांनी मोबाईल कानाला लावला.

इमामपूरच्या घाटात त्याला दाखवलं, भरलेली गाडी ब्रेकवर नाही, गिअरवर उतरवायची. बिचारा सारखा "व्हय उस्ताद, व्हय उस्ताद" करत होता.

परत आल्यावर ट्रेनिंगचा फॉर्म पुढे आला. शिकवणाऱ्याच्या जागी साहेबांचं नाव. खाली शिकणारे दोन, तो आणि मी. साहेब तर यार्डातून हललेही नव्हते.

सही केली नाही अजून. फॉर्म खिशातच आहे. तुम्ही केली असती का?